स्प्लेंडर तीन-चार किलोमीटरवर बंद पडते, पाच मिनिटांनी आपोआप चालू होते. कार्बोरेटर तीनदा साफ करून झाला

वारणाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. हीरो होंडा स्प्लेंडर, २००१ ची. मी पुण्यात असतो, गाडी गावाकडं, इस्लामपूरच्या आतल्या बाजूला. दिवाळीला दहा दिवस आलोय आणि त्यातले चार दिवस रस्त्याकडेला उसाच्या बांधावर बसून गेलेत.

सकाळी चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी चालू होते. आयडलिंग एकदम झक्कास, घड्याळासारखं. गावाबाहेर पडल्यावर तीन-चार किलोमीटर काही म्हणजे काही तक्रार नाही. मग पिकअप जातो, गुदमरल्यासारखी करते, दोन-चार झटके मारते आणि बंद. किका मारून पाय दुखतो, हू की चू नाही. बाजूला लावून पाच-सात मिनिटं बसलं की पहिल्या किकला चालू. पुढं पुन्हा तेवढंच अंतर.

हे जुलैपासून चाललंय. मिस्त्रीनं कार्बोरेटर तीन वेळा उतरवून साफ केला. पहिल्यांदा उघडला तेव्हा फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, पाणी निघालं होतं, पावसाळाच होता. त्यानंतर पाणी नाही, पण दुखणं हे असं सुरू झालं. नवीन प्लग, एअर फिल्टर, जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या पितळी तुकड्यांचा) सेट, सगळं बदललं. आता तो म्हणतो अख्खा कार्बोरेटर नवा टाका, नाहीतर सीडीआय, म्हणजे प्लगला करंट सोडणारी डबी, गेला असेल. दोन्ही टाकायचं तर तीनेक हजाराला फोडणी.

अण्णा म्हणतात, "गाडीचं काही नाही. तुम्ही पोरं ती हाणता, म्हणून ती रुसते."

काय करू?

आगाऊ | शनिवार, रात्री ९.५२

विका आणि इलेक्ट्रिक घ्या. कार्बोरेटर नाही, कटकट नाही.

वारणाकाठ | शनिवार, रात्री ९.५५

अण्णांसमोर येऊन म्हणून दाखवा. चहा मी पाजतो.

टॅपेट | शनिवार, रात्री १०.२०

नवा कार्बोरेटर अजिबात घेऊ नका. निदान उद्यापर्यंत तरी.

तुमच्या मिस्त्रीची चूक एवढीच की तो गाडी बरी असताना तपासतोय. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत चेंबर पुन्हा पेट्रोलनं भरून बसलेला असतो. त्याला उघडून विचारलं तर तो काय सांगणार? जिथं बंद पडते तिथंच, त्याच मिनिटाला तपासायचं. सोबत प्लगपाना, एक डिसमिस, एक छोटी काचेची बाटली आणि एक जुना पण चालू प्लग घ्या. बंद पडली की दोनच गोष्टी करायच्या.

पहिली, करंट. प्लगचं टोपण काढून त्यात जुना प्लग घालायचा, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचा, किक मारायची. निळा, टचटचीत करंट दिसला तर सीडीआय आणि कॉइल सुटले. पिवळट किंवा काहीच नाही, तर पेट्रोलच्या नादाला लागू नका. पल्सर कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ सांगणारी) किंवा सीडीआय तापल्यावर दम सोडतात आणि गार झाले की परत शहाण्यासारखे वागतात. लक्षण अगदी तुमच्यासारखंच असतं, म्हणून आधी हे. हे करताना गाडीला बसवलेला प्लग तिथंच राहू द्या. तो काढलात तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तुम्ही शेजारीच ठिणगी पाडत असता.

दुसरी, चेंबर. कार्बोरेटरच्या पोटाला खाली ड्रेन स्क्रू असतो. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करून, इंजिन जरा निवल्यावर, बाटली धरून तो सैल करायचा. भसकन पेट्रोल आलं तर पुरवठा ठीक, अडथळा जेटमध्ये. चारच थेंब आले तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे, त्याला वरून कोणी जेवायलाच वाढत नाहीये.

सिगारेट ओढणारा मित्र बरोबर घेऊ नका.

मिरजेची | शनिवार, रात्री १०.४१

टॅपेट यांनी सांगितलंय ते कराच. त्याआधी एक बिनहत्याराची परीक्षा सांगते. माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, ते नव्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे: गाडी कशी मरते ते ऐक.

करंट गेला की गाडी चावी फिरवल्यासारखी खटकन मरते. पेट्रोल संपत आलं की आचके देत मरते, मरताना मध्येच एकदा दोन सेकंद जोर धरते, मग पुन्हा ढासळते. तुम्ही जे लिहिलंय ते दुसरं वाटतं, पण लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नये. घरासमोर गाडी चालू करा, कॉक मुद्दाम बंद करा आणि गावात चक्कर मारा. चेंबरमधल्या पेट्रोलवर ती साधारण किलोमीटरभर जाईल आणि मरेल. ते मरण आणि रस्त्यातलं मरण एकच आहे का, हे तुमच्या हाताला आणि बुडाला लगेच कळेल.

अजून एक. झटके सुरू झाले की चालत्या गाडीवर चोक अर्धा ओढून बघा. दोन क्षण जरी सावरली, तरी पेट्रोल कमी पडतंय. जास्त गुदमरली, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. चोक हा फुकटचा डॉक्टर आहे.

दोन-स्ट्रोक | शनिवार, रात्री ११.०५

मध्येच घुसतोय, माफी. आरएक्स १००, १९९४. एक्सलेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लावते, सिग्नलला उभं राहिलं की कोकलत राहते. प्लग पांढराफटक. मेकॅनिक म्हणतो एअर स्क्रू आत घे. घेतला. दोन दिवस बरी, परत तेच. कार्बोरेटर धुवायचा का?

टॅपेट | शनिवार, रात्री ११.१४

दोन-स्ट्रोक, तुमची आधी चालवायची बंद करा. पांढरा प्लग आणि लटकलेली रेस म्हणजे कुठूनतरी चोरहवा आत शिरतेय. मिश्रण पातळ झालं की गारवा कमी, इंजिन तापतं, मग पिस्टन जाम. स्क्रूनं ते झाकलं जातं, बरं होत नाही.

आयडलिंगला ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर, रीडच्या (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) पॅकिंगच्या कडेनं साबणाचं पाणी पिचकारीनं मारा. जिथं मारल्यावर आवाज बदलेल तिथं चीर आहे. तिथं काही नाही सापडलं तर क्रँकची ऑइल सील, मॅग्नेटच्या बाजूची आधी.

वारणाकाठ | रविवार, दुपारी १.३०

आलो. गुडघ्यापर्यंत चिखल, पण माहिती घेऊन आलोय.

कॉक बंद करून चक्कर मारली. मिरजेची ताई, हुबेहूब तेच मरण! मधे ते दोन सेकंद जोर धरणं पण तसंच. मी इतके दिवस ते ऐकत होतो आणि मला कळत नव्हतं.

मग मोठ्या रस्त्याला गेलो. साडेतीन किलोमीटरला झटके सुरू. चोक अर्धा ओढला तर खरंच शंभरेक फूट सावरली. मग बंद. करंट निळा, कडक. इतका कडक की टोपण नीट धरलं नव्हतं तर मलाच बसला, बांधावरच्या बायका हसल्या. कॉक बंद करून ड्रेन स्क्रू सैल केला: मोजून सहा थेंब.

म्हणजे वरून पेट्रोल येत नाही. घरी आणून कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली, कॉक उघडला. तर धो धो! अर्धी बाटली बघता बघता भरली. रिझर्व्हला पण तसंच. कॉक खोलून आतली जाळी बघितली, थोडा गंज होता, साफ केली. पुन्हा धो धो. पुन्हा रस्त्याला गेलो. पुन्हा बंद.

आता मला वेड लागायची पाळी आलीय.

टॅपेट | रविवार, दुपारी १.५५

फ्लोटची नीडल अडकत असेल, म्हणजे चेंबरमधल्या तरंगत्या फ्लोटबरोबर वरखाली होऊन पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई. फ्लोट खाली गेल्यावर नीडलनं खाली सुटायला हवं, कधीकधी जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसून ती वरच चिकटते. नीडल जिथं टेकते ती सीट चाटून बघा म्हणणार होतो, पण नको. कापसानं पुसा. फ्लोटची पिन वाकलीय का, फ्लोट एका बाजूला घासतोय का तेही बघा.

आणि कोणीही जेटमध्ये तार घालू नका. क्लच केबलची तार घालून जेट 'साफ' करणारे गावोगाव आहेत. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी आयुष्यभर काळा धूर सोडते आणि कोणाला कारण कळत नाही. हवेचा प्रेशर मारा, किंवा नायलॉनच्या ब्रशचा एक केस.

आगाऊ | रविवार, दुपारी २.१०

सगळे एवढी डोकेफोड करताय, उघड कारण कोणी बोलत नाही. इथेनॉल. वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल २००१ च्या गाडीत ओतल्यावर दुसरं काय होणार. २०२३ मध्ये ई२० सुरू झालं आणि तेव्हापासून जुन्या गाड्यांची वाट लागलीय.

वारणाकाठ | रविवार, दुपारी २.१८

आमच्याच उसाचं असणार ते. आम्हीच पिकवायचं, आम्हीच ढकलायचं.

पंप नंबर तीन | रविवार, दुपारी २.४०

पेट्रोल पंपावर काम करतो म्हणून बोलतो. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलंय का हे बघायला डिप रॉडला एक पेस्ट लावून सोडतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. गिऱ्हाइकानं मागितलं तर फिल्टर पेपरची टेस्ट पण करून दाखवावी लागते. मागत कोणी नाही, घरी जाऊन शिव्या घालतात.

मिरजेची | रविवार, दुपारी ३.०५

इथेनॉलचं दोन ओळीत मिटवू, नाहीतर धागा तिकडंच जाईल.

आगाऊ पूर्ण चूक नाहीत. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना सेन्सर असतो, त्या सांभाळून घेतात. आपल्या जुन्या कार्बोरेटरला ना सेन्सर ना मेंदू. त्याचं भोक जेवढं तेवढंच. म्हणून मिश्रण जरा पातळ होतं, सकाळी चोक जास्त वेळ लागतो, जुनी रबरं फुगतात किंवा कडक होतात. हे सगळं खरं. पण इथेनॉलनं गाडी दर साडेतीन किलोमीटरला बंद पडत नाही आणि पाच मिनिटं विश्रांती घेऊन बरी होत नाही.

पाण्याचं मात्र लक्ष ठेवा. साध्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला वेगळं बसायचं. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी संसार थाटतं. दोघं मिळून तळाला जाऊन बसतात, म्हणजे नेमकं कॉकच्या तोंडाशी. घरी बघायचं असेल तर मापाच्या नळीत १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून ठेवून द्या. तळाचा थर १० चा जवळजवळ ३० होतो. माझ्या मुलीच्या बारावीच्या सामानात मी करून बघितलंय. नवरा म्हणाला, आता स्वयंपाकघरात पेट्रोल? अंगणात केलं हो.

आता वारणाकाठ, मला एक सांगा. जुलैपासून आत्तापर्यंत ती न बंद पडता कधी लांब गेलीय का? आणि नेहमीपेक्षा लवकर कधी बंद पडली? नीट आठवा. फालतू वाटलं तरी लिहा.

वारणाकाठ | रविवार, दुपारी ४.२०

विचारलंत म्हणून आठवलं.

लवकर: परवा टाकी फुल्ल केली. पंपावरून निघालो आणि दोन किलोमीटरच्या आतच बंद. म्हणून तर मला पण आधी पेट्रोलचाच संशय आला होता.

लांब: दोनदा. एकदा रिझर्व्हला लागली होती तेव्हा इस्लामपूरपर्यंत, नऊ किलोमीटर, एका दमात गेली. मी मनात म्हटलं, उपाशी असली की पळते काय. दुसऱ्यांदा आष्ट्याच्या बाजारात दुपारभर उन्हात उभी होती, ऑक्टोबरचं ऊन, टाकीला हात लागत नव्हता. तिथून निघाल्यावर बराच वेळ काही झालं नाही.

अजून एक, हसू नका. बंद पडल्यावर मी बसतो तेव्हा टाकीतून बुडबुड, गुळगुळ असा आवाज येतो. तो थांबला की गाडी चालू होते.

मिरजेची | रविवार, दुपारी ४.२६

नळी बाटलीत सोडून बघितलीत तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं की बंद?

वारणाकाठ | रविवार, दुपारी ४.२८

उघडं. पेट्रोल किती आहे ते बघायला काढलं होतं.

मिरजेची | रविवार, दुपारी ४.३१

झाकण घट्ट लावा. नळी बाटलीत सोडा. आणि बसा बघत.

टॅपेट | रविवार, दुपारी ४.३३

अरेच्चा. मी नीडलच्या मागं धावत होतो.

वारणाकाठ | रविवार, संध्याकाळी ५.१०

आधी धो धो. बाटली भरायच्या आत धार बारीक. मग करंगळीएवढी. मग सुतासारखी. मग थेंब. थेंब. बंद.

झाकणाची चावी फिरवली. फस्स्स करून हवा आत गेली आणि खाली परत धो धो.

मी अंगणात नाचलो. आई बाहेर आली, म्हणाली काय झालं. म्हटलं पेट्रोल थांबलं! ती आत गेली.

टॅपेट | रविवार, संध्याकाळी ५.३५

आता हिशेब मांडू द्या, मला राहवत नाही.

टाकीतून पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला, तेच. दुसरं भोक नसलं की तेल गुळगुळ करत अडखळतं.

टाकीतल्या पेट्रोलची पातळी आणि कार्बोरेटर यात समजा २५ सेंटिमीटर अंतर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्या उंचीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांहूनही थोडा कमीच. म्हणजे आतली हवा फक्त दोन टक्के विरळ झाली की धार थांबली! साडेदहा लिटरच्या टाकीत सात लिटर पेट्रोल असेल तर वर साडेतीन लिटर हवा. तिचे दोन टक्के म्हणजे ७० मिली. साठच्या अॅव्हरेजनं चार किलोमीटर. धार आधीपासूनच बारीक होत जाते म्हणून जरा अलीकडं धरा. बसलं की नाही साडेतीन?

फुल्ल टाकीत हवा जेमतेम अर्धा लिटर. दोन टक्के म्हणजे १० मिली. त्यावर अर्धा-पाऊण किलोमीटर, आणि चेंबरमधल्या पेट्रोलवर अजून एक. म्हणून दोनच्या आत बंद. रिझर्व्हला हवा आठ-नऊ लिटर, म्हणून नऊ किलोमीटर आरामात. ढोबळ आहे, पण कोडं सुटतं.

उन्हाचं मिरजेची सांगतील.

मिरजेची | रविवार, संध्याकाळी ५.५०

ऊन म्हणजे वाफ. तापलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती आतून दाब देते, हवेची उणीव भरून काढते. म्हणून ही तक्रार पहाटे गारठ्यात जास्त आणि भर दुपारी गायब. आणि तो गुळगुळ आवाज म्हणजे रिकाम्या चेंबरमधून उलटी हवा नळीतून टाकीत चढत होती. तिचा श्वास घेऊन झाला की गाडी चालू.

मिस्त्रीला दर वेळी यश का यायचं तेही कळलं ना? कार्बोरेटर उतरवायला नळी काढली की टाकीला हवा मिळाली. मग तो चौकापर्यंत चक्कर मारून गाडी ताब्यात द्यायचा. चौक किती लांब आहे तुमचा?

वारणाकाठ | रविवार, संध्याकाळी ५.५८

अर्धा किलोमीटर.

जुना फिटर | रविवार, संध्याकाळी ६.३०

आत्ता वाचलं सगळं. येझडी असताना कार्बोरेटरवर टिकलर असायचा, बोटानं दाबायचा, पेट्रोल वर आलं की बोट ओलं व्हायचं. बोट कोरडं राहिलं की पोरगं झाकण उघडायचं, दुसरं काही बघायच्या आधी. टिकलर गेला आणि ही सवय पण गेली.

झाकणाचं भोक कशानं बुजलंय ते सांगितलं नाही अजून. चोवीस वर्षं चालू होतं आणि जुलैत बुजलं, आपोआप बुजत नाही.

वारणाकाठ | रविवार, रात्री ८.४५

फिटरकाका, बरोबर पकडलंत.

झाकण उलटं केलं. आतल्या मूळ पॅकिंगवर सायकलच्या ट्यूबची गोल रिंग कापून बसवलेली, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली. इतकी सफाईदार की कंपनीचीच वाटावी. कडेनं सोल्युशन पसरून बारीक भोक त्याच्याखाली गाडलं गेलं होतं.

मी झाकण हातात घेऊन सोप्यात गेलो. अण्णा पेपर वाचत होते. म्हटलं हे काय?

"जुलैत पाणी शिरत होतं. मिस्त्रीनं कार्बोरेटरमधून पाणी काढलं ते बघितलं मी. मग पाणी येतंय कुठनं? झाकणातनं. पॅकिंग कडक झालंय. म्हणून बंदोबस्त केला. त्यानंतर आलं का पाणी?"

नाही आलं.

"मग?"

मंडळी, माझ्याकडं उत्तर नव्हतं. निदान त्यांचं बरोबरच होतं. औषध जरा जास्त झालं.

ट्यूब ओरबाडून काढली, सोल्युशन पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं, भोकात शिवणाची सुई हळूच फिरवली (हा जेट नाही, टॅपेट, ओरडू नका), तोंडानं फुंकर मारून बघितली, आरपार जाते. रात्र झालीय म्हणून रस्त्याला उद्या जातो. पण पावसाचं काय करू? पॅकिंग खरंच दगड झालंय.

टॅपेट | रविवार, रात्री ९.१०

अण्णांना नमस्कार सांगा. चाकणला आमच्याकडं मुलाखतीला आलेल्या निम्म्या पोरांना एवढं सुचत नाही.

स्प्लेंडरचं झाकणाचं पॅकिंग स्वस्तात मिळतं, नाहीतर लॉकसकट नवीन झाकण. बसवल्यावर भोक मोकळं आहे ना ते फुंकून बघा, कारण बाजारातल्या काही पॅकिंगना मधला काप अरुंद असतो. पावसात गाडी झाडाखाली लावायची असेल तर झाकणावर प्लास्टिकची पिशवी टाका, पण चालवताना काढा. पिशवी घट्ट बांधून चालवलीत तर पुन्हा हाच धागा वर काढावा लागेल.

आणि कॉकच्या जाळीवर गंज होता म्हणालात, तो विसरू नका. जुलैत आत गेलेल्या पाण्याचा तो असणार. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून आत टॉर्च मारा. लालसर पावडर असेल तर धुऊन भागेल, पोपडे असतील तर वेगळा उद्योग आहे.

दोन-स्ट्रोक | रविवार, रात्री ९.३०

माझं पण सांगतो. साबणाचं पाणी मारलं. रबरी जोडाला खालच्या बाजूनं चीर, वरून दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते. नवीन टाकला, रेस बसली खाली. एअर स्क्रू परत दीड आटा बाहेर. एक विचारायचंय, माझ्या मित्राच्या गाडीचा स्क्रू बाहेर काढला की उलटं होतं, पेट्रोल वाढतं. असं कसं?

टॅपेट | रविवार, रात्री ९.४१

स्क्रू कुठं आहे ते बघा. स्लाइडच्या (एक्सलेटरनं कार्बोरेटरात वरखाली होणाऱ्या तुकड्याच्या) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ. इंजिनकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. दोघांना एकच नियम लावून लोक वर्षानुवर्षं ट्यूनिंग करत बसतात.

आणि तो स्क्रू फक्त आयडलिंग आणि जरासा एक्सलेटर एवढ्यापुरता. पाव ते पाऊण एक्सलेटर स्लाइडची नीडल बघते (फ्लोटची नव्हे, ती वेगळी), त्यापुढं मेन जेट. एक्सलेटरच्या मुठीवर आणि मुठीला लागून असलेल्या न फिरणाऱ्या भागावर चिकटपट्टीचे तुकडे लावून खुणा करा, म्हणजे तक्रार नेमकी किती उघडल्यावर येते ते कळेल.

वारणाकाठ | सोमवार, दुपारी १२.१५

सकाळी सातला, गारठ्यात, टाकी फुल्ल करून निघालो. इस्लामपूर, तिथून आष्टा आणि परत. एकदाही नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही. साडेतीन किलोमीटरच्या त्या बांधाजवळ मी आपोआप एक्सलेटर सोडला, सवयीनं. त्या बायका तिथंच होत्या, त्यांनी हात केला.

नवीन पॅकिंग घेऊन आलो, बसवलं, फुंकर मारली. मिस्त्रीकडंही गेलो होतो. भांडायला नाही, सांगायला. त्यानं झाकण हातात घेतलं, भोकाकडं बघितलं आणि पोराला म्हणाला, "ती आतली सीडी १०० गाडी उघडायच्या आधी तिचं झाकण काढून बघ रे."

अण्णा दुपारी गाडी घेऊन रानात गेले. जाताना म्हणाले, "मी म्हणत होतो ना, गाडीचं काही नाही."

मिरजेची | सोमवार, दुपारी १२.४०

झकास. ट्यूबची रिंग टाकून दिलीत ना? घरात राहिली तर कुठंतरी परत बसेल.

वारणाकाठ | सोमवार, दुपारी १.०२

टाकायला गेलो तर अण्णांनी हातातून घेतली. पाठीवरच्या फवारणी पंपाचं झाकण गळतंय म्हणे, मानेवर औषध सांडतं. सकाळीच सोल्युशन लावून बसवली. आज तोच पंप घेऊन गेलेत.

मिरजेची | सोमवार, दुपारी १.०४

अहो, त्या झाकणालाही हवेचं भोक असतं.